परदेशात जेलातो निवडताना आणि खाताना: विदर्भातल्या प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

मे महिन्यातली कंपनी टूर असो, दिवाळीनंतरचा कृषी अभ्यास दौरा असो की जर्मनीत नोकरीला लागलेल्या मुलाकडचा महिनाभराचा मुक्काम, वरूड, मोर्शी, काटोल, पुसद, हिंगणघाटकडची माणसं आता युरोपात सर्रास जातात. तिथे गल्लोगल्ली जेलातोची, म्हणजे इटालियन पद्धतीच्या आइस्क्रीमची, दुकानं असतात. त्यातली काही उत्तम असतात, पुष्कळशी पर्यटकांच्या खिशावर चालतात. दूध, संत्रं आणि शेंगदाणा यांची खरी चव ज्यांनी लहानपणापासून घेतली आहे त्यांना चांगलं जेलातो ओळखायला कोणाची शिकवणी लागत नाही. कुठे बघायचं आणि काय विचारायचं एवढंच माहीत हवं. खालच्या किमती अंदाजाच्या आहेत, शहराप्रमाणे त्या बदलतात.

जेलातो म्हणजे आपलंच आइस्क्रीम ना?

नात्यातलं आहे, पण वेगळं. पहिला फरक स्निग्धतेचा. आपल्याकडे डब्यावर साधं ‘आइस्क्रीम’ लिहायचं तर दुधाची स्निग्धता किमान 10 टक्के असावी लागते. जेलातोत मलईपेक्षा दूध जास्त असतं, त्यामुळे ती साधारण 4 ते 9 टक्क्यांवर राहते. जिभेवर तुपाचा थर कमी, म्हणून फळाची किंवा सुक्या मेव्याची चव लवकर पोचते.

दुसरा फरक हवेचा, आणि आमच्या मते तोच मोठा. मिश्रण फिरवताना त्यात हवा शिरते. चांगल्या जेलातोत ती मिश्रणाच्या 20 ते 35 टक्के असते. कारखान्यातल्या स्वस्त आइस्क्रीममध्ये ती 100 टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आइस्क्रीम होतं. बंडीत सैल भरलेला कापूस आणि जिनिंगमधून निघालेली दाबलेली गाठ यांत जो फरक, तोच इथे. म्हणून जेलातोचा कप लहान दिसला तरी हाताला जड लागतो.

तिसरा फरक तापमानाचा. आइस्क्रीम उणे 18 अंशांच्या आसपास ठेवतात, जेलातो उणे 12 ते 14 अंशांवर वाढतात. जीभ बधिर होत नाही, पण ते वितळतंही लवकर. उन्हात हातात धरून फोटो काढत बसलात तर मनगटापर्यंत ओघळ येईल.

मग ते कुल्फीच्या जवळचं आहे का?

घट्टपणात हो, कृतीत नाही. कुल्फीचं दूध आटवतात आणि साच्यात न हलवता गोठवतात. जेलातोचं दूध आटवत नाहीत. दूध, थोडी मलई, साखर आणि दुधाची भुकटी एकत्र करून साधारण 85 अंशांपर्यंत तापवतात, झटकन 4 अंशांवर आणतात आणि काही तास मुरू देतात. मग ते आडव्या किंवा उभ्या पिंपाच्या यंत्रात फिरवत गोठवतात. फिरवण्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात. मुरवण्याचा वेळ वाचवला तर जेलातो पाणचट आणि खरखरीत होतं.

दुकान चांगलं की पर्यटकांसाठी मांडलेलं, हे बाहेरून कसं ओळखायचं?

आधी काचेतून ट्रे बघा. जेलातो ट्रेच्या काठावर फूट-फूटभर डोंगरासारखं चढवलेलं, वर अख्खी फळं आणि चॉकलेटच्या कांड्या खोचलेल्या असतील तर पुढे चला. दूध-साखरेचं साधं जेलातो उणे 12 अंशांवर असा डोंगर धरून राहू शकत नाही. तो टिकवायला जास्त हवा, जास्त डिंक किंवा गोठणारं वनस्पती तेल, बहुतेकदा खोबऱ्याचं, घालावं लागतं. शिवाय डोंगराचा वरचा भाग काचेखालच्या थंडाव्याच्या बाहेर असतो. तो दिवसभर थोडा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो.

चांगल्या दुकानात ट्रे सपाट भरलेले असतात. त्याहून चांगली खूण म्हणजे गोल स्टीलच्या विहिरींवर घट्ट झाकणं. इटलीत त्यांना ‘पोत्सेत्ती’ म्हणतात. आत काय आहे ते दिसत नाही, फक्त नावांच्या पाट्या दिसतात, म्हणून पर्यटक तिथून निघून जातात. पण झाकणामुळे तापमान एकसारखं राहतं आणि हवा-उजेड लागत नाही. अशा दुकानात निश्चिंत शिरा.

मग रंग बघा. लिंबाचं पांढरंच असायला हवं. पुदिन्याचंही पांढरं किंवा अगदी फिकट. केळ्याचं मळकट पांढरं, थोडं करडं, कारण कुस्करलेलं केळं हवेत काळवंडतं, हे कोणत्याही घरात माहीत आहे. पिवळंजर्द केळं म्हणजे रंग आणि अर्क. भडक निळं दिसलं तर ते बहुधा ‘पुफ्फो’, लहान मुलांसाठीचा रंगीत प्रकार. पोरं हट्ट धरतील तर घेऊन द्या, पण त्यावरून दुकानाची पारख करू नका.

प्रकार किती आहेत तेही मोजा. लहानशा दुकानात साठ प्रकार असतील तर ते रोज ताजे होत असतील असं मानणं कठीण आहे. पंधरा-वीस प्रकार आणि त्यांत एक-दोन ‘संपलं’ अशी पाटी, हे चांगलं लक्षण.

‘आर्तिजानाले’ म्हणजे हातचं, किंवा ‘प्रोदुत्सिओने प्रोप्रिया’ म्हणजे आमच्याकडेच बनवलेलं, अशा पाट्या जवळजवळ प्रत्येक दुकानावर दिसतात. तयार भुकटीत दूध ओतून तिथेच यंत्रात फिरवलं तरी ही पाटी लागते. म्हणून पाटीपेक्षा घटकांची यादी मागा. भिंतीवर किंवा गल्ल्याजवळच्या वहीत ती असते. ‘ग्रास्सी वेजेताली’ म्हणजे वनस्पती स्निग्धांश आणि ‘आरोमी’ म्हणजे अर्क. हे शब्द प्रत्येक प्रकारापुढे असतील तर तिथली चव बाटलीतून येते.

पिस्त्याचं हिरवंगार छान दिसतं, ते घेऊ नये का?

हिरवंगार असेल तर नको. आमची शिफारस अशी की नव्या दुकानात पहिला चमचा पिस्त्याचाच मागा, कारण दुकानदाराचा हात कुठे आखडतो ते इथे लगेच कळतं. पिस्ता हा जेलातोतला सगळ्यात महाग मालांपैकी एक. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावर ब्रोंते गावाचा पिस्ता होतो. त्याची तोडणी एक वर्षाआड करतात आणि त्याला युरोपचं मूळ-स्थानाचं संरक्षण आहे, आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तसं. असा माल भरपूर वापरणं परवडत नाही, म्हणून पेस्टमध्ये बदाम, शेंगदाणे, सोयाबीन आणि वरून हिरवा रंग मिसळतात.

खरा पिस्ता भाजून वाटला की मातकट हिरवा होतो, तपकिरीकडे झुकणारा, वाळत आलेल्या तुरीच्या शेंगेच्या रंगाच्या आसपास. चमच्यावर घेऊन उजेडात धरा, त्यात बारीक गडद ठिपके दिसतील. ते पिस्त्याच्या सालीचे. चव आधी दुधाची येते, मग भाजक्या मेव्याची, आणि शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला किंचित खारट तुरटपणा राहतो. कडू बदामाच्या अर्काचा वास नाकात गेला, म्हणजे लग्नाच्या पंगतीतल्या रंगीत बर्फीला येतो तो, तर पेस्टमध्ये पिस्ता नावापुरताच आहे.

पिस्ता महाग वाटला तर ‘नोच्चोला’ मागा. हे हेझलनट, आणि इटलीच्या पिएमोंते भागात ते उत्तम पिकतं. शेंगदाणे भाजणाऱ्या माणसाला ते नीट भाजलंय की करपलंय हे एका चमच्यात कळतं.

चव घेताना काय तपासायचं?

चांगली दुकानं छोट्या चमच्यावर एक-दोन प्रकार चाखायला देतात. ‘पोस्सो अस्साज्जारे?’ एवढं म्हणा. दोनपेक्षा जास्त मागू नका, मागे रांग असते.

जिभेवर घेऊन टाळूला दाबा. बर्फाचे कण लागले तर ते वितळून पुन्हा गोठलेलं आहे, किंवा फार दिवसांचं आहे. कण वितळत नाहीत आणि वाळूसारखे लागतात तर दुधाची साखर खडे धरून बसली आहे, म्हणजे दुधाची भुकटी जास्त पडली. गिळल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला तर तेल. चिकट, रबरासारखं ताणलं गेलं तर डिंक जास्त. आणि खाऊन पाच मिनिटांत खूप तहान लागली तर साखरेचं प्रमाण बिघडलंय.

या सगळ्यासाठी सर्वांत साधा प्रकार ‘फ्योर दी लात्ते’, म्हणजे दूध, मलई, साखर आणि दुसरी कसली चव नाही. त्यात काहीच लपवता येत नाही. घरच्या म्हशीच्या दुधावर वाढलेल्या माणसाला दूध ताजं की भुकटीचं हे सांगावं लागत नाही. दूध उतू जाऊन तळाला लागल्यावर येतो तसला वास आला तर दुसरीकडे जा.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. काय खाता येईल?

बरंच काही, पण विचारून.

अंडं: ‘क्रेमा’ नावाच्या प्रकारात अंड्याचा बलक असतो, तोच त्याचा पिवळा रंग. ‘झाबायोने’मध्ये अंडं आणि मार्साला वाइन दोन्ही. तिरामिसू या कॉफीच्या इटालियन मिठाईच्या चवीतही अंडं असण्याची शक्यता मोठी. व्हॅनिला आणि चॉकलेट दुकानाप्रमाणे बदलतात. ‘ची सोनो उओवा?’ म्हणजे अंडी आहेत का, असं विचारा. फ्योर दी लात्तेमध्ये अंडं नसतं, आणि त्यातच चॉकलेटच्या बारीक चिरफळ्या घातलेल्या ‘स्त्राच्चातेल्ला’मध्येही सहसा नसतं.

दारू: ‘मालागा’मध्ये रममध्ये भिजवलेले मनुके असतात. ‘त्सुप्पा इंग्लेझे’त लाल रंगाची अल्केर्मेस ही मद्ययुक्त लिकर असते, नाव बघून ते साधं वाटतं. ‘चे आल्कोल?’ विचारा. मुलांसाठी घेताना तर नक्की.

जिलेटिन: घट्टपणासाठी आता बहुतेक ठिकाणी कॅरोबच्या बियांचा किंवा गवारीच्या बियांचा डिंक वापरतात, यादीत ते ई 410 आणि ई 412 म्हणून येतात. दोन्ही वनस्पतीपासूनचे. तरी ‘जेलातीना’ हा शब्द दिसला तर टाळा, इटलीत ते बहुतेकदा डुकरापासूनचं असतं. पान्ना कोत्ता या जिलेटिनने घट्ट केलेल्या मलईच्या गोड पदार्थाच्या चवीचं आणि मार्शमॅलो घातलेले प्रकार म्हणून सोडलेलेच बरे. मिश्रण एकजीव ठेवणारा ई 471 प्राणिज किंवा वनस्पतिज दोन्ही असू शकतो, यादीवरून कळत नाही. लाल रंगासाठी ई 120 असेल तर तो किड्यांपासून काढलेला रंग.

जे घरात अंडं शिवतही नाहीत, त्यांनी आणखी एक बघावं. उलथणी बहुतेकदा एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवतात, आणि तीच सगळ्या ट्रेमध्ये फिरतात. स्वच्छ उलथणं घ्यायला सांगितलं तर चांगला दुकानदार घेतो. कोनच्या वेफरमध्येही कधी अंडं असतं, म्हणून कप, म्हणजे ‘कोपेत्ता’, जास्त सुरक्षित.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे ‘सोर्बेत्तो’. फळ, पाणी, साखर, थोडा डिंक. दूध नाही, बहुतेक ठिकाणी अंडंही नाही, पण काही जुन्या कृतींत अंड्याचा पांढरा भाग असतो म्हणून एकदा विचाराच. काळं चॉकलेट, ‘फोंदेन्ते’, अनेक दुकानांत दुधाशिवाय पाण्यात करतात. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना ते चालतं.

उपासाला चालेल का?

हा निर्णय घरच्या रिवाजाचा. वर सांगितल्याप्रमाणे गवारीचा डिंक सोर्बेत्तोतही असू शकतो, आणि गवार बऱ्याच घरांत उपासाला चालत नाही. कोनमध्ये गहू असतोच. कडक उपास असेल तर त्या दिवशी फळबाजारातून फळं घ्या, इटलीतली पीच आणि चेरी मे-जूनमध्ये तशीही उत्तम असतात.

कोणत्या दिवसांत कोणतं फळ मागावं?

शाळांना सुट्टी लागली की आपली माणसं मे-जूनमध्ये निघतात. इटलीत तेव्हा स्ट्रॉबेरी म्हणजे ‘फ्रागोला’, चेरी, मग जर्दाळू आणि पीच म्हणजे ‘पेस्का’ येतात. खरी स्ट्रॉबेरी घातलेलं जेलातो गडद, किंचित मळकट गुलाबी दिसतं आणि बिया दाताखाली येतात.

दिवाळीनंतर गेलात तर चेस्टनट (‘कास्तान्या’), नाशपाती, डाळिंब, आणि नुकतंच तोडलेलं हेझलनट. डिसेंबरात कुठे स्ट्रॉबेरीची भलामण दिसली तर ती बहुधा गोठवलेली किंवा अर्काची आहे.

संत्रं उत्पादकांसाठी खास सूचना. ‘आरांचा’ म्हणजे तिथलं घट्ट सालीचं संत्रं, आपल्या मोसंबीच्या कुळाजवळचं. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीच्या मँडरिन जातीचं आहे, तेव्हा तुलना करायची तर ‘मांदारीनो’चं सोर्बेत्तो मागा. पालेर्मोजवळच्या चाकुल्लीचं उशिरा पिकणारं मँडरिन त्यासाठी नावाजलेलं आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात ते ताज्या फळाचं मिळण्याची शक्यता जास्त. सालीचं तेल किती उतरलंय ते बघा. तिकडचे लोक सालीचा रंगीत थर साखरेत चोळून घेतात, आपल्याकडे ती साल बहुतेक उकिरड्यावर जाते.

आंबा टाळा. बहुतेक ठिकाणी तो डबाबंद गराचा असतो आणि गावरान आंबा खाणाऱ्याची निराशा होते.

भाषा येत नाही. मागायचं कसं?

इटलीत पुष्कळ दुकानांत आधी ‘कास्सा’वर, म्हणजे गल्ल्यावर, पैसे भरायचे असतात. तिथे फक्त आकार सांगा, कोन की कप. मिळालेली पावती, ‘स्कोन्त्रीनो’, घेऊन काउंटरवर जा आणि तिथे चवी सांगा. उलट केलंत तर कोणी लक्ष देत नाही आणि रांगेतले लोक वैतागतात. कुठे आधी घ्यायचं आणि मग पैसे द्यायचे, तेही चालतं; पुढचा माणूस काय करतो ते बघा.

वाक्य एवढंच: ‘ऊना कोपेत्ता पिक्कोला, दुए गुस्ती, पेर फावोरे.’ लहान कप, दोन चवी, कृपया. मग बोटाने दाखवा. ‘पान्ना?’ विचारलं तर ते फेटलेल्या मलईबद्दल विचारतात. काही ठिकाणी ती फुकट, काही ठिकाणी पैसे लागतात.

चवी जुळवताना फळासोबत फळ, दुधासोबत दूध. लिंबू-स्ट्रॉबेरी, चॉकलेट-हेझलनट. लिंबू आणि चॉकलेट एका कपात घेतलं तर दोन्ही बिघडतात. तीन चवी घ्यायचा मोह होतो, पण लहान कपात तिसऱ्या चवीपर्यंत सगळं मिसळून जातं.

किती पैसे पडतात, आणि फसवणूक कशी टाळायची?

इटलीच्या शहरांत लहान कप किंवा कोन साधारण अडीच ते चार युरोंना मिळतो. आकाराप्रमाणे किमती लिहिलेला फलक दिसला पाहिजे. फलक नसेल तर मागवूच नका.

फसगत होते ती आकारात. ‘कोन’ म्हटलं की काही दुकानदार न विचारता सगळ्यात मोठा, चॉकलेटमध्ये बुडवलेला कोन भरायला घेतात. 2013 मध्ये रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ चार ब्रिटिश पर्यटकांना चार जेलातोंचं 64 युरो बिल आल्याची बातमी जगभर झाली होती, म्हणजे कोनाला 16 युरो. म्हणून आधी ‘पिक्कोला’ आणि बोटाने फलकावरची किंमत.

उभ्याने खाण्याचा आणि टेबलावर बसून खाण्याचा दर वेगळा असतो. व्हेनिसच्या मोठ्या चौकात बसलात तर जागेचे, कधी वाद्यवृंदाचेही पैसे बिलात येतात. दमलेल्या आजी-आजोबांसाठी बसायलाच हवं असेल तर आधी दरपत्रक बघा. आणि फुकटची जागा म्हणून स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका. 2019 पासून तिथे बसायला मनाई आहे, दंड 250 युरोंपासून सुरू होतो आणि 400 पर्यंत जातो.

टूर मॅनेजर अर्धाच तास देतो. तेवढ्यात चांगलं दुकान कसं गाठायचं?

स्मारकासमोरचं पहिलं दुकान सोडा आणि दोन गल्ल्या आत चला. शाळेची पोरं, ऑफिसचे लोक, दप्तरं-पिशव्या घेतलेली स्थानिक माणसं रांगेत असतील ते दुकान धरा. चाळीस जणांचा जथा एकाच दुकानात शिरू नका, अर्धा वेळ रांगेतच जाईल. एका घरातल्या एकाने गल्ल्यावर उभं राहावं, दुसऱ्याने चवी ठरवाव्यात.

त्याहून चांगली वेळ रात्रीची. उन्हाळ्यात इटलीतली पुष्कळ दुकानं अकरापर्यंत उघडी असतात आणि तिथले लोक जेवण झाल्यावर शतपावली करतच जेलातो खातात. हॉटेल गावाच्या आत असेल तर दुपारची घाई सोडून तेव्हा जा.

शुगर आहे. एखादा कप चालेल का?

डॉक्टरांना विचारून ठरवा, पण हिशोब माहीत असू द्या. जेलातोत वजनाच्या साधारण 16 ते 24 टक्के साखर असते. शंभर ग्रॅमच्या लहान कपात जवळपास वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे. फळाचं आहे म्हणून सोर्बेत्तो हलकं असेल ही समजूत चुकीची आहे. त्यात साखर बहुतेकदा जास्तच, 25 ते 30 टक्क्यांपर्यंत, आणि दुधातली स्निग्धता नसल्यामुळे ती लवकर रक्तात उतरते. साखर गोडीपुरती नसते, तिच्यामुळे मिश्रण दगडासारखं गोठत नाही, म्हणून दुकानदार ती कमी करून देऊ शकत नाही.

‘सेंत्सा त्सुक्केरी’ लिहिलेले साखर न घातलेले प्रकार मिळतात. त्यांत बहुधा माल्टिटॉल हा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असतो. जास्त खाल्लं तर पोटात गॅस होऊन जुलाब होतात, आणि पुढे बसचा पाच तासांचा प्रवास असेल तर ते महागात पडतं. आमचा सल्ला असा की नेहमीचाच लहान कप दोघांत घ्या, जेवणानंतर, आणि त्या जेवणातला भात किंवा पास्ता कमी करा.

थंड खाऊन दातांना झिणझिण्या येतात. काय करावं?

आइस्क्रीमपेक्षा हे कमी थंड असतं, त्यामुळे दातांना त्रास कमी होतो. चावू नका, जिभेवर वितळू द्या.

इटलीत जाणार नाही, मुलगा जर्मनीत आहे. तिथे मिळतं का?

मिळतं, आणि चांगलं मिळतं. आल्प्समधल्या कादोरे आणि झोल्दो खोऱ्यांतली इटालियन कुटुंबं पिढ्यान्पिढ्या जर्मनी-ऑस्ट्रियात जाऊन हाच धंदा करत आली. तिथे दुकानाला ‘आइसडीले’ किंवा ‘आइसकाफे’ म्हणतात आणि भाव एका गोळ्याचा, ‘कूगेल’चा असतो, साधारण दीड ते दोन युरो. हिवाळ्यात त्यांतली बरीच बंद असतात.

मेन्यूवर ‘श्पागेटीआइस’ दिसलं तर दचकू नका. ताटात शेवया, लाल रस्सा आणि किसलेलं चीज असं काहीतरी दिसतं, पण त्या शेवया म्हणजे साच्यातून पाडलेलं व्हॅनिला आइस्क्रीम, रस्सा स्ट्रॉबेरीचा आणि वरचा कीस पांढऱ्या चॉकलेटचा. 1969 मध्ये मानहाइम शहरात दारिओ फोंतानेल्ला यांनी ते पहिल्यांदा केलं. अंड्याबद्दल मात्र इथेही विचारा.

सिसिलीत गेलात तर सकाळच्या नाश्त्याला ‘ग्रानीता’, म्हणजे खरखरीत गोठवलेला गोड बर्फ, आणि गोड पाव खाऊन बघा. बदामाचं आणि तुतीचं सगळ्यात चांगलं. पावात अंडं असतं.

हॉटेलवर नेऊन रात्री खाता येईल?

किलोच्या भावाने थर्माकोलच्या डब्यात बांधून देतात, अर्ध्या किलोपासून पुढे. डबा तासभर तग धरतो. पण हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजला बहुतेकदा बर्फाचा कप्पा नसतो, तिथे सकाळी गोड दूध सापडेल. घरी किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये उतरलात तरच न्या.

नागपूर-अमरावतीत मिळणाऱ्या जेलातोला हेच निकष लावायचे?

हेच. एक जास्तीचं: डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलंय का बघा. तसं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल आहे.

घरच्या संत्र्याचं सोर्बेत्तो करता येईल का?

येईल, आणि संत्र्याच्या दिवसांत जरूर करा. नऊ-दहा मध्यम नागपुरी संत्र्यांचा ताजा रस, अर्धा लिटर. साखर 150 ग्रॅम, पाणी 100 मिली, लिंबाचा रस चार चहाचे चमचे, चिमूटभर मीठ. पाणी-साखर कोमट करून विरघळवा. त्यात एका संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा केशरी थर किसून घाला, पांढरा भाग आला तर कडवट होईल. पूर्ण गार झाल्यावर रस आणि लिंबू मिसळा.

चूक होते ती रसात. मिक्सरमध्ये फोडी बियांसकट फिरवल्या किंवा रस तापवला तर नागपुरी संत्र्याचा रस काही तासांत कडू होतो. बियांत आणि पांढऱ्या भागात जो पदार्थ असतो तो हळूहळू कडू होत जातो. म्हणून बिया काढून फोडी फडक्यातून हाताने पिळा आणि रस लगेच वापरा. साखर कमी करू नका, बर्फाचा गोळा होईल.

मिश्रण दोन तास फ्रीजमध्ये गार करून मग गोठवा. लाकडी हाताचा आइस्क्रीम पॉट असेल तर त्याहून चांगलं काही नाही. बाहेर तीन भाग फोडलेल्या बर्फाला एक भाग खडे मीठ, आणि वीस-पंचवीस मिनिटं न थांबता फिरवा. पॉट नसेल तर स्टीलच्या पसरट डब्यात दोन-तीन सेंटिमीटर उंचीचा थर ओता, फ्रीजरमध्ये ठेवा, पाऊण तासाने काट्याने कडा सोडवून ढवळा आणि मग दर अर्ध्या तासाने पाच-सहा वेळा. कण थोडे जाड राहतील, चव तीच.

भारनियमनाचं वेळापत्रक बघून करायला घ्या. मध्येच वीज गेली तर फ्रीजर उघडू नका, झाकण बंद राहिलं तर दोन-तीन तास निभावतं. पातळ झालंच तर तसंच पुन्हा गोठवू नका, खडे धरेल. पुन्हा पॉटमध्ये फिरवा, नाहीतर थंडगार सरबत म्हणून पिऊन टाका.